पेनकिलरमध्ये अडकलेला सहकारी: सुपरवायझरने काय करावं, कंपनीने काय करावं?

शॉपफ्लोअर (प्रश्न):

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबलचक होणार आहे, पण विषय असा आहे की तुकड्यातुकड्याने सांगून उपयोग नाही, म्हणून सगळंच लिहितो.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. माझ्याकडे एक फिटर आहे, कामाला एक नंबर, नवीन पोरांना हाताला धरून शिकवणारा. मागे जड पार्ट उचलताना त्याच्या कमरेत भरलं, ते वाढत जाऊन डिस्कचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी स्ट्राँग पेनकिलर दिल्या होत्या, ट्रामाडॉल वगैरे. पगारी रजा संपली तसा तो पूर्ण बरा व्हायच्या आतच परत रुजू झाला कारण घर चालवायचं होतं आणि आम्हीही त्याला लगेच जुन्याच कामावर लावलं.

आता काही महिन्यांपासून बघतोय, मधल्या सुट्टीनंतर डुलक्या घेतो, बोलता बोलता मधेच हरवतो, कधी घामाघूम, कधी एकदम चिडचिड, पाच मिनिटांत येतो म्हणून जातो तो बराच वेळ येतच नाही. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या कधीच बंद केल्यात, हा बाहेरून स्ट्रिपच्या स्ट्रिप आणतोय. आणि परवा मशीनचं गार्ड न बसवताच तो स्विच दाबायला निघाला होता, शेजारच्याने ओरडून थांबवलं. कुणाला लागलं नाही.

मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये दोनच सूर निघाले, एक म्हणजे काढून टाका, दुसरा म्हणजे सगळ्यांची लघवी तपासा आणि जो सापडेल त्याला काढून टाका. एचआरने मला माझं मत लेखी मागितलंय. मला त्याला काढायचं नाहीये, पण दुसऱ्या कुणाचा हात मशीनमध्ये गेला तर तेही मला सहन होणार नाही. त्याच्याशी बोलायचं कसं? टेस्टिंग करावं का? उपचार घेऊन आला तर परत मशीनवर लावता येतं का? ऐकलंय की उपचारात पण त्यांना अफूच्याच जातीचं औषध देतात, मग ते चालू असताना काम कसं करणार? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

---

कामाचं_आरोग्य:

दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मी कारखान्यांमध्येच कंपनी डॉक्टर म्हणून काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी आजचं. त्याला आजच मशीनवरून, उंचीवरच्या कामावरून आणि गाडी चालवण्यावरून बाजूला करा, शिक्षा म्हणून नाही आणि पगार कापूनही नाही. त्यासाठी तो काय घेतो हे तुम्हाला माहीत असायची काही गरज नाहीये. गार्ड न बसवता मशीन चालू करायला निघाला आणि कामावर डोळा लागतो, एवढं पुरेसं आहे. शुगर कमी होऊन असं झालं असतं तरी तुम्ही हेच केलं असतं. ट्रामाडॉलचा अजून एक वेगळा धोका म्हणजे जास्त डोसमध्ये फिट येऊ शकते, आधी कधीही न आलेल्या माणसालासुद्धा. फिरत्या मशीनजवळ फिट आली तर काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता बोलायचं कसं. एकट्याला, बंद खोलीत, शिफ्टच्या सुरुवातीला जेव्हा तो जरा ताजा असेल तेव्हा. जे स्वतः पाहिलंत तेवढंच बोला, तारीख वेळेसकट. 'मंगळवारी गार्डचं असं असं झालं, गेल्या आठवड्यात दोनदा तुझा डोळा लागलेला मी पाहिला, मला तुझी काळजी वाटते आणि बाकीच्यांचीही, तू डॉक्टरांना भेटावंस असं मला वाटतं, मी वेळ काढून देतो.' बस. 'तू गोळ्या घेतोस ना' हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचं उत्तर नव्वद टक्के वेळा 'नाही' असंच येणार आणि एकदा नाही म्हटलं की माणूस त्या नाहीला धरून बसतो. ज्या सहकाऱ्याने तुम्हाला सांगितलं त्याचं नाव तर अजिबात घेऊ नका. निदान करणं तुमचं काम नाही, माझ्यासारख्यांचं आहे. तुमचं काम त्याला त्या दारापर्यंत नेणं.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे 'आजपासून सगळं बंद कर आणि सोमवारी फ्रेश होऊन ये' असं सांगणं. रोज ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं, घेणाऱ्या शरीराला त्याची सवय झालेली असते, अचानक थांबवलं की काही तासांत जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, झोप उडणं हे सगळं सुरू होतं. बहुतेक लोक ते सहन न होऊन परत घेतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे काहीजण दात ओठ खाऊन आठवडा दोन आठवडे काढतात, तेवढ्यात शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग कधीतरी जुनाच डोस घेतात, तो आता झेपत नाही आणि श्वास थांबतो. नुसतं डिटॉक्स करून, म्हणजे औषध शरीरातून उतरवून, घरी पाठवणं धोक्याचं म्हणतात ते यामुळे.

हे व्यसन लागतं कसं तेही मॅनेजमेंटला सांगा, कारण त्यांच्या डोक्यात 'नशेडी' हे एकच चित्र असतं. अमेरिकेत २०१७ मध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी तपासून पाहिलं होतं की पहिल्यांदा ओपिऑइड पेनकिलर मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतरही ती घेणारे किती. पहिल्यांदा किमान एक दिवस गोळ्या मिळालेल्यांमध्ये साधारण ६ टक्के, आठ दिवस किंवा जास्त असेल तर १३ टक्क्यांच्या वर, आणि एकतीस दिवस किंवा जास्त असेल तर जवळपास ३० टक्के. ज्यांना मोठ्या चिठ्ठ्या मिळतात त्यांचं दुखणंही मोठं असतं हे मान्य, तरी तुमचा फिटर ऑपरेशननंतर किती दिवसांची चिठ्ठी घेऊन घरी गेला असेल बघा.

औषधाबद्दल तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं अफूच्याच कुळातली आहेत हे खरं, पण ती मेंदूतल्या त्याच जागा हळू आणि सतत भरून ठेवतात, त्यामुळे नशाही चढत नाही आणि विथड्रॉवलही, म्हणजे अचानक थांबवल्यावरचा तो त्रासही, होत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढतच नाही म्हणून ते जास्त सुरक्षित समजतात. डोस बसेपर्यंत सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे गुंगी येऊ शकते, तेव्हा मशीन नको. एकदा डोस स्थिर झाला की बहुतेक लोक नॉर्मल काम करू शकतात, अर्थात प्रत्येकाची तपासणी करूनच ठरवायचं. दोन्ही औषधं डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात मेथाडोनवर असताना मृत्यूचं प्रमाण दर हजार माणसांमागे वर्षाला ११ च्या आसपास आणि उपचार सुटल्यावर ३६ च्या आसपास दिसलं. म्हणजे कंपनीने 'ही औषधं बंद कर तरच कामावर घेऊ' अशी अट घातली तर ती त्या माणसाला जास्त धोक्यात ढकलते. तिसरं नाल्ट्रेक्सोन, ते अफूच्या जातीचं नाही, महिन्याला इंजेक्शन मिळतं, पण ते सुरू करायला आधी आठवडाभर किंवा जास्त काळ ओपिऑइड पूर्ण बंद असावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.

शेवटचं, फर्स्ट एडच्या पेटीत नालोक्सोन ठेवता येतं का ते बघा. नाकात मारायचा स्प्रे असतो, ओव्हरडोसमध्ये श्वास परत आणतो, आणि ज्याने ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला चुकून दिलं तरी काही अपाय होत नाही. माणूस हलवून उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा घोरल्यासारखा घरघर आवाज, ओठ नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की आधी ॲम्ब्युलन्स, मग स्प्रे, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, आणि श्वास घेत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. त्याला एकटं सोडू नका कारण स्प्रेचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि गोळ्यांचा त्याहून जास्त वेळ टिकू शकतो. कुठे ते विनाचिठ्ठी मिळतं कुठे चिठ्ठीनेच, तुमच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

---

नियमावली:

मी एचआरमध्ये आहे, बरीच वर्षं. डॉक्टर ताईंशी बऱ्यापैकी सहमत, पण टेस्टिंगच्या बाबतीत दुसरी बाजू मांडतो. कारखान्यात, वाहतुकीत, क्रेनवर जिथे एकाच्या चुकीने चौघे मरू शकतात तिथे टेस्टिंग अजिबातच नको म्हणणं मला पटत नाही. प्रश्न कधी आणि कशासाठी हा आहे. सगळ्यांना रांगेत उभं करून बाटल्या हातात देणं याने काय होतं ते मी पाहिलंय. कुणीही उपचाराला पुढे आलं नाही, उलट लोकांनी हाताचं बोट चेपलं तरी सांगणं बंद केलं, कारण अपघात नोंदवला की टेस्ट होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि टेस्ट म्हणजे काय हे मॅनेजमेंटला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. जी स्वस्त पट्टी असते ती मॉर्फिन, कोडीन शोधायला बनवलेली असते. ट्रामाडॉल, फेंटानिल, मेथाडोन तिच्यात साधारणपणे दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी टेस्ट लागते. म्हणजे शॉपफ्लोअर दादांच्या फिटरची साधी टेस्ट केली तर तो निगेटिव्ह यायची शक्यता जास्त! उलट खसखस खाल्लेला माणूस पॉझिटिव्ह येऊ शकतो, अमेरिकेत सरकारी टेस्टिंगची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटर लघवीत ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅमवर नेली ती याच भानगडीमुळे. टीबीचं रिफॅम्पिसिन घेणाराही काही पट्ट्यांवर पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून पट्टीवर कुणाचीही नोकरी ठरवायची नाही, लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे नेमकं औषध ओळखणाऱ्या तपासणीने, खात्री करायची आणि रिझल्ट आधी डॉक्टरकडे, तो त्या माणसाला विचारणार तुला कुठली औषधं चालू आहेत, आणि मगच पुढे. शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे मागे कधीतरी घेतलंय एवढंच, आत्ता कामाच्या वेळी तो गुंगीत होता हे त्यातून सिद्ध होत नाही.

टेस्टिंग उपयोगी पडतं ते उपचारानंतर, लेखी करारासोबत, त्या माणसाच्या संमतीने. अमेरिकेत डॉक्टरांसाठीच असे प्रोग्रॅम आहेत, व्यसन असलेल्या डॉक्टरांना उपचार, वर्षानुवर्षं देखरेख, अधूनमधून टेस्ट आणि लायसन्स राखायची संधी. २००८ साली ९०० हून जास्त डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दारूवाले पण होते आणि ओपिऑइडवाले पण. ज्यांचा पत्ता लागला त्यांच्यापैकी ७८ टक्क्यांच्या आसपास लोक पाच वर्षांनी लायसन्ससह काम करत होते. डॉक्टरांना ही सवलत मिळते तर फिटरला का नको, हा प्रश्न मी आमच्या मीटिंगमध्ये विचारला होता आणि तिथे कुणाकडे उत्तर नव्हतं.

पॉलिसी लिहायची असेल तर आयएलओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, १९९६ चं कोड ऑफ प्रॅक्टिस आहे, कामाच्या ठिकाणी दारू आणि ड्रग्जच्या प्रश्नांवर. जुनं आहे पण पाया पक्का आहे. व्यसनाचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न समजा, माहिती गुप्त ठेवा, उपचार घ्यायला तयार असलेल्याशी भेदभाव करू नका, शिस्तीच्या कारवाईपेक्षा उपचाराला आधी जागा द्या, असं त्याचं एकूण म्हणणं. आणि हेच नियम मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना सारखे. कायद्याचं मात्र आपापल्या देशातल्या वकिलाला विचारा, फार फरक असतो. उदाहरण द्यायचं तर अमेरिकेत सध्या बेकायदा ड्रग्ज घेत असलेल्याला अपंगत्वाच्या कायद्याचं संरक्षण नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीने मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला आहे, २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याने ते स्पष्ट केलं.

---

रात्रपाळी:

मी स्टोअरमध्ये काम करते आणि मी स्वतः यातून गेलेय, अजून ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे. सुरुवात खांद्याच्या दुखण्यावरून झाली. हे सगळं वाचून लिहावंसं वाटलं कारण वरचं बरोबर आहे पण आतून कसं दिसतं ते पण कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट, तुमचा फिटर मजेसाठी घेत नाहीये हो. सुरुवातीचे काही आठवडे बरं वाटतं असेल नसेल, नंतर फक्त टर्की, म्हणजे गोळी न मिळाल्याचा त्रास, लागू नये म्हणून घ्यायचं, म्हणजे सकाळी उठून कामावर जाता यावं म्हणून घ्यायचं. नोकरी टिकवण्यासाठीच आपण ते घेतोय असंच वाटत असतं. त्यामुळे 'नोकरी जाईल' ही धमकी ऐकून माणूस थांबत नाही, अजून नीट लपवायला शिकतो. मी किती हुशारीने लपवायचे ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मला ज्याने सावरलं ते आमच्या इन्चार्जचं बोलणं. तिने मला काही विचारलंच नाही. तीन तारखा सांगितल्या, त्या दिवशी स्टॉकच्या नोंदीत काय गडबड झाली ते दाखवलं, आणि म्हणाली की कारण मला सांगायची गरज नाही, पण कंपनीच्या समुपदेशकाला भेट, तिथे बोललेलं माझ्यापर्यंत येत नाही, आणि तुझी जागा मी राखून ठेवते. जागा राखून ठेवते हे वाक्य मी उपचार घेताना रोज मनात घोळवायचे. त्या दिवशी तिने 'खरं सांग काय घेतेस' विचारलं असतं तर मी राजीनामा टाकून निघून गेले असते आणि आज इथे लिहायला असते की नाही माहीत नाही.

परत आल्यावरचं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. सगळ्यांना वाटतं उपचार झाला की प्रकरण मिटलं. खरं तर पहिले काही महिनेच सगळ्यात नाजूक असतात. झोप नीट नसते, दुखणं जे गोळ्यांनी दाबलेलं असतं ते परत डोकं वर काढतं, आणि लोक बघत असतात. मला आधी अर्धा दिवस काम दिलं, मग हळूहळू पूर्ण. ओव्हरटाइम आणि रात्रपाळी मुद्दाम दिली नाही. दर आठवड्याला ग्रुपच्या मीटिंगला जायला शिफ्ट मागेपुढे करून दिली. औषधांच्या कपाटाची किल्ली आधी माझ्याकडे असायची ती दुसरीकडे दिली, पण मला विचारून, सगळ्यांसमोर हिसकावून नाही. आणि फिजिओथेरपी सुरू करून दिली, कारण खांदा दुखतच होता ना, दुखण्याला दुसरा रस्ता मिळाला नाही तर माणूस जुन्याच रस्त्याने जाणार. दादा, त्या फिटरच्या कमरेचं आत्ता काय चाललंय हे कुणी विचारलंय का?

सहकाऱ्यांना काय सांगायचं? काहीच नाही. 'तब्येतीसाठी रजेवर होता, आता परत आलाय, सध्या हलकं काम करेल.' मला कुणाला सांगायचं ते मी नंतर माझ्या सवडीने सांगितलं, त्याचा निर्णय माझाच होता.

आणि रिलॅप्स, म्हणजे परत घ्यायला लागणं. होऊ शकतो. कंपनीने आधीच ठरवून ठेवायला हवं की झालं तर काय, म्हणजे त्या दिवशी रागाच्या भरात निर्णय होणार नाही. माझ्या करारात लिहिलं होतं की मी स्वतःहून सांगितलं तर काम थांबेल, परत डॉक्टरकडे जायचं, पण नोकरी लगेच जाणार नाही. लपवून मशीन किंवा फोर्कलिफ्ट चालवली तर जाईल. मला तो फरक अगदी न्यायाचा वाटला.

---

नियमावली:

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तो शेवटचा मुद्दा, स्वतःहून सांगितलं तर वेगळं आणि लपवलं तर वेगळं, हा मी आमच्या करारात घालायला उचलतोय.

---

युनियनवाला:

सगळं छान चाललंय पण एका माणसावरच सगळं बोलणं चाललंय, जिथून हे सुरू झालं त्यावर फक्त रात्रपाळी ताईंनी बोट ठेवलं. माणूस कमरेने का गेला? जड पार्ट हाताने का उचलत होता, होइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, का नव्हता? रजा संपली म्हणून अर्धवट बरा होऊन का आला? आणि आल्यावर त्याच कामावर का लावला?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये एक अहवाल काढला होता, २०११ ते २०१५ मध्ये ओपिऑइड ओव्हरडोसने गेलेल्या लोकांचे व्यवसाय तपासून. बांधकाम आणि खाणकामातल्या कामगारांचं प्रमाण तिथल्या सगळ्या कामगारांच्या सरासरीच्या सहापट निघालं. आणि ज्या कामांत दुखापती जास्त, पगारी आजारपणाची रजा कमी आणि नोकरीची शाश्वती कमी, तिथे मृत्यू जास्त. हे आकडे त्यांचे आहेत पण कंबर सगळीकडची सारखीच आहे, रजा नसेल तर माणूस गोळी खाऊन कामावर येणार हे कुठल्याही कारखान्यात होणार.

म्हणून माझं म्हणणं, कंपनीला खरंच काही करायचं असेल तर तीन महिन्यांचे दुखापतीचे रजिस्टर काढा आणि बघा कुठल्या कामात पाठ खांदे गुडघे जातात. तिथे उचलायचं साधन द्या, कामं फिरवा, दोन माणसं द्या. दुखापत झालेल्याला रजा पुरेशी द्या आणि परत येताना खरंच हलकं काम द्या, कागदावरचं नाही. कंपनीचा ज्या हॉस्पिटलशी करार आहे त्यांना विचारा की साध्या दुखापतीला ते काय लिहून देतात, कारण बऱ्याच दुखण्यांना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मिळून तेवढाच आराम देतात. आणि कामगाराला चिठ्ठी मिळाली की त्याने डॉक्टरला विचारावं, यात ओपिऑइड आहे का, किती दिवस, मी मशीनवर असतो तर चालेल का, याशिवाय दुसरं काही आहे का. हे प्रश्न नोटीस बोर्डवर लावा, 'ड्रग्जला नाही म्हणा' पोस्टरपेक्षा हजारपट कामाचं आहे.

आणि एचआरवाल्या भाऊंना एक सांगतो, राग नको. गुप्तता गुप्तता सगळे म्हणतात, पण फाईल उघड्या कपाटात असते आणि संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनला कळलेलं असतं. एकदा एकाचं फुटलं की पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडत नाही. वैद्यकीय कागद वेगळे, किल्ली फक्त डॉक्टरकडे, सुपरवायझरला एवढंच कळलं पाहिजे की हा माणूस अमुक तारखेपर्यंत मशीनवर नाही. कशामुळे ते नाही.

---

नियमावली:

राग कशाला, खरंच आहे ते. आमच्याकडेही एकदा फुटलं होतं, आणि त्यानंतर समुपदेशकाला येणारे फोन जवळपास बंद पडले. आता तो नंबर बाहेरच्या संस्थेचा आहे आणि आम्हाला महिन्याला फक्त एकूण किती फोन आले तेवढं कळतं, नावं नाहीत. घरच्यांनाही त्याच नंबरवर बोलता येतं, आणि खरं सांगायचं तर बायका आणि आयांचेच फोन आधी येतात.

---

शॉपफ्लोअर:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. आज सकाळी त्याच्याशी बोललो, डॉक्टर ताईंनी सांगितलं तसंच, गार्डचं आणि डुलक्यांचं, बाकी काही नाही. आधी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, साहेब कंबर अजून जाते, रात्री झोपता येत नाही. गोळ्यांबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण डॉक्टरकडे जायला तयार झालाय, उद्याची वेळ घेतलीय, आणि मी त्याला सध्या टूल रूममध्ये रेकॉर्डच्या कामाला बसवलंय त्याच पगारावर. बाकीच्यांना कमरेचं दुखणं म्हणून सांगितलंय, ते खोटंही नाहीये.

एचआरला लेखी मत दिलं. सगळ्यांची सरसकट टेस्ट नको, नोकरी राखून उपचार, परत येताना लेखी करार, रिलॅप्सचं आधीच ठरवून, आणि युनियनवाल्या भाऊंचं होइस्टचं पण टाकलंय, किमतीच्या अंदाजासकट. होइस्टवर मॅनेजमेंटने लगेच तोंड वाकडं केलं, पण मी तो मुद्दा सोडणार नाही.

एक शंका राहिली. डॉक्टरांनी समजा मेथाडोन सुरू केलं तर रोज केंद्रावर जाऊन घ्यावं लागतं म्हणतात, आमच्या पहिल्या शिफ्टची वेळ सहाची. ते कसं जमवायचं?

---

कामाचं_आरोग्य:

फार छान केलंत दादा. रेकॉर्डच्या कामाला बसवलंत तरी तो तिथे पूर्ण एकटा राहणार नाही एवढं बघा, सध्या कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. तो दारू किंवा झोपेच्या गोळ्या पण घेत असेल तर श्वास मंदावायचा धोका कितीतरी वाढतो, हे उद्या डॉक्टर विचारतीलच, पण विचारलं नाही तर त्याने स्वतः सांगावं असं त्याला आजच सांगून ठेवा.

मेथाडोनचं म्हणाल तर सुरुवातीला बहुतेक ठिकाणी रोज समोर उभं राहून घ्यावं लागतं, नंतर माणूस स्थिर झाला की काही ठिकाणी घरी न्यायला डोस देतात, ते त्या त्या देशाच्या नियमावर. केंद्र किती वाजता उघडतं ते आधी विचारा आणि तोपर्यंत त्याला दुसऱ्या शिफ्टला किंवा जनरल शिफ्टला लावा, आणि तसं लेखी द्या म्हणजे तुम्ही रजेवर असताना दुसरा कुणी इन्चार्ज त्याला सहाला बोलावणार नाही. ब्युप्रेनॉर्फिन जमणार असेल तर ते जिभेखाली ठेवायचं असतं, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांचं एकदम मिळतं, आणि काही देशांत महिन्याच्या इंजेक्शनचाही पर्याय आहे, शिफ्टवाल्यांना ते सोयीचं पडतं. पण कुठलं द्यायचं हे त्याचे डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील, शिफ्टला काय सोयीचं यावरून नको.

---

रात्रपाळी:

दादा, त्याला माझ्याकडून एवढंच सांगा की पहिले दोन आठवडे सगळ्यात जड जातात. आणि डॉक्टरकडे जाताना कुणालातरी सोबत घेऊन जा म्हणावं, मी एकटी गेले होते आणि दारातून दोनदा परत फिरले होते.

---

शॉपफ्लोअर:

सांगतो ताई. सोबत मीच जातोय, रजा टाकलीय उद्याची.